बोटीचं इंजिन गाडीचं समजून हात घालता? मग या चुका टाळा

पुण्यात बोट म्हटलं की लोकांना सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा रिगाटा, म्हणजे नदीवरचा बोटींचा सोहळा आठवतो, आणि तिथं तर नुसती वल्ही. त्यामुळे मी धायरीत गॅरेज चालवतो आणि बोटीची इंजिनं पण करतो म्हटलं की लोक हसतात. हसू दे. पानशेतला बोटी आहेत, मुरूड-हर्णैकडे बोट ठेवलेले पुणेकर आहेत, आणि सगळ्यांची बोंब एकच, "कालपर्यंत मस्त चालू होती हो." इनबोर्ड म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेलं इंजिन, पुष्कळदा ट्रकच्या नाहीतर जनरेटरच्या इंजिनाचाच भाऊ, म्हणून गाडीचा मेकॅनिक बिनधास्त हात घालतो. मीही घातला आणि सुरुवातीलाच एका इंजिनाला पाणी पाजलं. तेच आधी सांगतो.

डिझेल इंजिन होतं, डिझेलच्या लाइनीत हवा शिरली होती, चालू होईना. मी आपला ट्रकसारखा सेल्फ मारतोय, दहा सेकंद मार, थांब, परत मार, आणि मालक काका मागून "अजून एकदा मारा, घेतंय बघा". दहा-बारा वेळा झालं असेल, मग एकदम टक् करून सगळं जाम. मला वाटलं बॅटरी बसली, म्हणून दुसरी लावली, परत टक्. शेवटी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल काढून सेल्फ मारला तर सिलिंडरमधून पाण्याचं कारंजं, थेट माझ्या तोंडावर.

झालं काय होतं, बोटीत बाहेरचं पाणी ओढणारा पंप इंजिनावरच फिरतो, सेल्फ मारला तरी फिरतो, आणि ते पाणी शेवटी सायलेन्सरमध्ये सोडलेलं असतं. इंजिन चालू असलं की धूर ते पाणी बाहेर ढकलतो. नुसता सेल्फ मारत बसलं तर धूरच नाही, मग सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं चढून एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी काही दाबलं जात नाही, जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. माझं नशीब, रॉड वाचला, पण ऑइल चहासारखं झालेलं ते तीनदा बदललं आणि त्याच दिवशी इंजिन तासभर चालवून आतून वाळवलं. खाऱ्या पाण्यात असतं तर एक रात्र ठेवणं पण महागात पडलं असतं.

म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारून इंजिन घेत नसेल तर पाणी आत घ्यायचा कॉक बंद करा, सायलेन्सरला ड्रेन असेल तर तो सोडा, आणि मग दोष शोधा. इंजिन पकडल्या पकडल्या कॉक उघडायचा, नाहीतर पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक, कोरडा फिरून मिनिटभरातच कामातून जातो. विसरायला होतं, म्हणून कॉक बंद केला की मी माझ्या बाईकची किल्ली त्याच्या हँडलला अडकवतो, घरी जाताना तरी आठवतं.

इंजिन गरम होतंय म्हणून फोन आला की मी पहिलं विचारतो, मागून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का. कमी पडत असेल तर आधी स्ट्रेनर, म्हणजे आत येणाऱ्या पाण्यातला कचरा अडवणारी जाळी, उघडा. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की काठाजवळ बोट नुसता गाळ ओढते, एकदा तर अख्खं वेफर्सचं पाकीट निघालं. स्ट्रेनर साफ असेल तर इंपेलर बघा, आणि पाकळ्या तुटल्या असतील तर नवीन टाकून मोकळं होऊ नका, तुटलेले तुकडे मोजून शोधा, ते पुढे हीट एक्स्चेंजरच्या (बाहेरच्या पाण्याने इंजिनाचं पाणी गार करणारा, बोटीचा रेडिएटरच म्हणा) तोंडाशी अडकून बसतात आणि महिन्याभराने तीच तक्रार परत येते. नवीन बसवताना ग्रीस नको, भांड्याचा लिक्विड साबण बेस्ट. आणि आपल्याकडची ती लाडकी आयडिया, "थर्मोस्टॅट काढून टाक ना", ती गाडीतही चूकच आणि इथंही चूकच, काही इंजिनांत त्याने बायपास उघडा राहतो, पाणी गार न होताच आडवाटेने फिरतं आणि उलट जास्तच तापतं.

डिझेलचं सांगायचं तर निम्मे प्रॉब्लेम कॅनमधून येतात. पारदर्शक बाटलीत थोडं काढून ठेवा, पाणी असेल तर खाली बसतं. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नका, आतल्या हवेतला दमटपणा पाणी होऊन डिझेलमध्ये उतरतो. फिल्टर बदलला की हवा काढायचीच, ब्लीड स्क्रू ढिला करून हँड पंप मारा, बुडबुडे थांबेपर्यंत. यात रॉकेट सायन्स काही नाही, फक्त कंटाळा करायचा नाही.

पेट्रोल इंजिन असेल तर मात्र मी मस्करी करत नाही. नाना पेठेत गाडीचा सेल्फ नाहीतर अल्टरनेटर स्वस्तात मिळतो आणि बोल्टला बोल्ट बसतो पण. बसवू नका. बोटीच्या पार्टमधली ठिणगी बाहेर येणार नाही असा तो बनवलेला असतो, गाडीच्यात ती सोय नसते. गाडीखालून वाफ उडून जाते, बोटीत मात्र पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड म्हणून तळाला साचते आणि एक ठिणगी पुरते. चालू करायच्या आधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खणातली हवा बाहेर फेकणारा पंखा, निदान ४ मिनिटं चालवा आणि नाक खाली घालून वास घ्या, वास आला तर किल्ली फिरवायचीच नाही.

बॅटरीवर फार बोलत नाही, इंजिन चालू असताना मेन स्विच बंद केला की अल्टरनेटरचे डायोड उडतात एवढं ध्यानात ठेवा.

राहिला शाफ्टचा ग्लँड, म्हणजे पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथं पाणी अडवायला डोरी भरलेली जागा. डोरीवाल्या ग्लँडमधून बोट चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच पाहिजेत, त्याच पाण्यावर शाफ्ट थंड राहतो. कोथरूडच्या एका साहेबांना तो ओलावा बघवेना, त्यांनी पान्याने आवळून एकदम कोरडा ठाक केला आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, बघा लीकेज बंद. दुसऱ्या रविवारी डोरी जळाल्याचा वास, शाफ्ट निळा पडलेला, आणि बोट क्रेनने पाण्याबाहेर.