लांबचं नातं मुलांना दाखवायचं कसं?

"हे आपले लांबचे काका" एवढं सांगून भाचे-पुतण्यांच्या डोक्यात काही शिरत नाही. लांबचे म्हणजे किती लांबचे? कोरा कागद घ्या. खाली मुलाचं नाव, शेजारी त्या नातेवाइकाचं. दोन्ही नावांवरून एकेक पिढी वर चढत जा: आई किंवा बाबा, मग आजोबा, मग पणजोबा. रेघा जिथे मिळतील ते सामाईक पूर्वज. दोन्हीकडून आजी-आजोबांपाशी मिळाल्या तर चुलत, आते, मामे किंवा मावस भावंडं. पणजोबांपाशी मिळाल्या तर चुलत-चुलत वगैरे. एक रेघ आखूड निघाली तर पिढीचा फरक, म्हणून तो माणूस वयाने लहान असूनही काका लागतो! मुलांना याचीच भारी गंमत वाटते. रेघा त्यांनाच ओढू द्या.

अख्खी वंशावळ एकदम काढू नका. पणजी-पणजोबांच्या पिढीत प्रत्येकाची 8 माणसं, त्याच्या वर 16. मुलं तिथेच कंटाळतात (मोठेही, खरं तर). एका वेळी एकच माणूस आणि त्याचा एखादा किस्सा पुरे. सनावळ्या मुलं नंतर आपणहून विचारतात.

जुना फोटो असेल तर मागे कडेला मऊ पेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. पाठ गुळगुळीत असेल तर फोटोच्या पाकिटावर लिहा. खात्री नसलेल्या माहितीपुढे 'ऐकीव' अशी नोंद हवीच. आणि भाऊबंदकीचे किस्से संबंधित माणसं हयात असतील तर त्यांना विचारूनच सांगा.