ऑफिसने फोनची लिस्ट दिलीये, त्यातला कुठला घ्यायचा?

ऑफिसचा मेल येतो, सोबत चार-पाच मॉडेलची लिस्ट असते आणि खाली लिहिलेलं असतं की दोन दिवसात कळवा. मग बहुतेक जण काय करतात, सगळ्यात नवा किंवा कॅमेरा भारी असलेला निवडतात आणि मोकळे होतात. अरे पण पुढची दोन-तीन वर्षं तोच फोन रोज आठ-दहा तास हातात असणार आहे, नंतर बदलून मागितला तर कुणी देत नाही, म्हणून कळकळीने सांगतोय की अर्धा तास काढा आणि नीट बघून घ्या. लिस्ट छोटी असली म्हणून काय झालं, तिच्यातल्या दोन फोनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

फोन बघायच्या आधी आयटीवाल्यांना एक प्रश्न विचारा, की या फोनवर ऑफिसचा कंट्रोल किती असणार. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल नावाचा प्रकार असतो, त्यात ऑफिसची अ‍ॅप्स वेगळ्या कप्प्यात राहतात, आयकॉनवर छोटी बॅग दिसते, आणि तुमचे फोटो-मेसेज त्या कप्प्याच्या बाहेर असतात, ते आयटीला दिसत नाहीत. दुसरा प्रकार म्हणजे अख्खा फोनच ऑफिसच्या ताब्यात, कुठलं अ‍ॅप टाकायचं तेही तेच ठरवणार. आयफोनमध्येही असं होतं, कंपनीने फोन सुपरवाइज्ड मोडमध्ये टाकला असेल तर सेटिंगमध्ये वरच तसं लिहिलेलं दिसतं. हे आधी का विचारायचं, तर फोन पूर्ण लॉक असणार असेल तर त्याचा कॅमेरा न् गेमिंग बघत बसण्यात काही अर्थ नाही, तुमचा पर्सनल फोन वेगळा ठेवावाच लागणार. अजून एक, फोन कंपनीच्या मालकीचा असेल तर हरवल्यावर किंवा नोकरी सोडल्यावर तो लांबूनच पूर्ण पुसला जाऊ शकतो, वर्क प्रोफाइल असलं तरीसुद्धा. तुमच्या स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल टाकलं असेल तर फक्त तेवढा कप्पा उडतो. म्हणून घरचे फोटो ऑफिसच्या फोनवर ठेवायचेच नाहीत, किंवा ठेवले तर बॅकअप हवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अपडेट किती वर्षं मिळणार. इथे लोक हमखास फसतात कारण अपडेटची वर्षं तुम्ही फोन हातात घेतला त्या दिवसापासून मोजत नाहीत, तो मॉडेल बाजारात आला तेव्हापासून मोजतात. उदाहरण घ्या, गॅलॅक्सी एस २४ जानेवारी २०२४ मध्ये आला, सात वर्षं अपडेट म्हणजे २०३१. पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ चा, तोही सात वर्षं, म्हणजे २०३०. पण लिस्टमध्ये पिक्सेल ६ए असेल तर तो २०२२ चा, पाच वर्षं, म्हणजे अपडेट २०२७ पर्यंतच. गॅलॅक्सी ए ५४ हा २०२३ चा, सिक्युरिटी अपडेट पाच वर्षं, म्हणजे २०२८. लिस्ट एकदा बनली की पुष्कळ दिवस कुणी तिला हात लावत नाही, त्यामुळे जुने मॉडेल तिच्यात तसेच पडून असतात. आणि अपडेट बंद झाले की नुसतं नवीन फीचर मिळत नाही एवढंच नसतं, बऱ्याच ठिकाणी नियम असतो की सिक्युरिटी अपडेट अमुक महिन्यांपेक्षा जुना असेल तर ऑफिसचा मेल उघडणारच नाही, मग फोन धडधाकट असून कामाला निरुपयोगी. ज्या सहकाऱ्याकडे तो फोन आधीच आहे त्याला सेटिंग उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख दाखवायला सांगा, मिनिटात कळतं.

मग रॅम, म्हणजे चालू अ‍ॅप्स धरून ठेवायची फोनची जागा. ऑफिसच्या फोनला रॅम जास्तच लागते कारण वर्क प्रोफाइलमध्ये काही अ‍ॅप्सच्या दोन-दोन कॉपी चालतात, एक तुमची एक ऑफिसची, शिवाय व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं अ‍ॅप) आणि सिक्युरिटीवालं अ‍ॅप मागे चालू असतंच. मी एकदा चार जीबीचा हँडसेट घेतला होता, साइटवर तपासणीचा फॉर्म भरायचा असायचा, वीस-बावीस रकाने भरून झाले की फोटो जोडायला कॅमेरा उघडायचा, फोटो काढून परत आलो की फॉर्म कोरा. फोनने मागचं अ‍ॅप बंद करून टाकलेलं असायचं, कारण जागाच नव्हती. उन्हात उभं राहून तेच रकाने दुसऱ्यांदा भरताना जो त्रास व्हायचा तो मला अजून आठवतो. मोठ्या अ‍ॅप्सचं काम असेल तर अँड्रॉइडमध्ये आठ जीबी असलेला बघा, सहाच्या खाली तर जाऊच नका. स्टोरेज १२८ जीबी पुरतं, ६४ मध्ये सिस्टिम आणि दोन कप्पे बसवून फार काही उरत नाही.

बॅटरीचा नुसता एमएएचचा आकडा बघू नका, तुमचा दिवस बघा. दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याला कुठलाही चालतो. पण तुम्ही बाहेर फिरत असाल, मॅप चालू, हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडलेला, रेंज कमी-जास्त, तर हॉटस्पॉट आणि कमी रेंज या दोन गोष्टी बॅटरी खाऊन टाकतात. असं काम असेल आणि लिस्टमध्ये गॅलॅक्सी एक्सकव्हर सारखा दणकट फोन असेल तर दिसायला जाडजूड म्हणून त्याला नाकारू नका, त्याची बॅटरी हाताने काढून दुसरी टाकता येते, आणि ग्लोव्हज घालून काम करणाऱ्यांना तो खरंच सोयीचा पडतो.

छोट्या छोट्या गोष्टी पण बघून घ्या. आयफोन १४ पर्यंत चार्जिंगचा पोर्ट वेगळा आहे, १५ पासून यूएसबी-सी आलं, म्हणजे लॅपटॉपचीच केबल चालते, लिस्टमध्ये दोन्ही असतील तर एवढ्यासाठी सुद्धा १५ घ्या. फोन मॉनिटरला जोडून काम करायचं असेल तर सॅमसंगच्या एस सिरीजमध्ये डेक्स नावाची सोय आहे, ए सिरीजच्या बहुतेक फोनमध्ये नाही. दोन नंबर ठेवायचे असतील तर ई-सिम (कार्ड न घालता चालणारं सिम) चालतं का ते विचारा, फोनमध्ये सोय असून ऑफिसने बंद ठेवलेलं असू शकतं.

आणि कृपा करून फोन हातात घेऊन बघा. सहकाऱ्याकडून पाच मिनिटं मागा, एका हाताने मेल टाइप करा, घामट बोटाने अनलॉक करून बघा, उन्हात नेऊन स्क्रीन वाचा, स्पीकरवर कॉल लावा. दिवसात किती वेळा अनलॉक करावा लागतो ते मोजलंत तर कळेल की स्लो फिंगरप्रिंट किती डोक्याला ताप देतो. डोळ्यांचा त्रास आहे, ऐकायचं मशीन वापरता, हात छोटे आहेत आणि लिस्टमधला एकही जमत नाहीये, तर गप्प बसू नका, नेमकी अडचण लिहून मेल करा. लेखी विनंतीवर वेगळं मॉडेल मिळालेले लोक मी पाहिलेत.

नवीन फोन आला की घाई करू नका. माझ्याकडून हीच चूक झाली होती, जुना फोन सकाळी जमा केला आणि लॉगिनचा कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप त्याच्यातच राहिलं, दीड दिवस मला मेल उघडता आला नाही आणि नेमका त्याच दिवशी रिपोर्ट द्यायचा होता. म्हणून दोन्ही फोन शेजारी ठेवा, आधी ऑथेंटिकेटर नवीन फोनवर चालू करा, एकदा लॉगआउट होऊन परत लॉगिन करून खात्री करा, मग चॅट आणि कॉन्टॅक्ट हलवा. सगळ्यात शेवटी जुन्या फोनमधून स्वतःचं गूगल किंवा अ‍ॅपलचं अकाउंट काढा आणि मगच रिसेट मारा, नाहीतर तो फोन पुढच्या माणसाला तुमचा पासवर्ड मागत बसतो.