पोरगं उशिरा बोलतंय? आधी हे करा

आमच्याकडे जळगावला पोरगं दोन वर्षांचं होऊनही बोलत नसलं की आजी म्हणते, अगं याचा बाप पण उशिराच बोलला होता, अन् तिथेच विषय बंद. मी पण आठ महिने तसेच घालवले, त्याचं आजही वाईट वाटतं.

वर्षाचं मूल नावाने हाक मारली तर वळून बघतं का, बोट दाखवतं का, दीड वर्षापर्यंत चालतं का, दोन वर्षांचं झाल्यावर "आई दे", "पाणी पाय्जे" असे दोन शब्द जोडतं का, एवढं तरी बघा. आणि येणारे शब्द बंद झाले तर एक दिवस पण थांबू नका.

शंका आली की मोबाईलमध्ये व्हिडिओ काढून ठेवा, कारण डॉक्टरसमोर पोरगं नेमकं गप्प बसतं. माझं तर केबिनमध्ये नुसतं पंख्याकडे बघत होतं!

अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, टीम वर्षातून दोनदा तपासायला येते, ताईंना तारीख विचारा. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र असतं, तिथे तपासणी फुकट. बोलणं उशिरा असेल तर कानाची तपासणी पहिली मागा, ताट वाजवल्यावर दचकतं म्हणजे ऐकू येतं असं नाही हो.

तोवर मोबाईल बंद, आणि भरताची वांगी भाजताना पण त्याच्याशी बोलत राहा, अहिराणीत बोललात तरी चालतं.