पेसमेकर क्लिनिकमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: बॅटरी कुठे वाचते

प्रोग्रामरच्या (बाहेरून पेसमेकर तपासायच्या आणि सेट करायच्या यंत्राच्या) पडद्यावर बॅटरीची उरलेली वर्षं दिसतात. क्लिनिकमध्ये नव्याने रुजू झालेली मुलं तो आकडा फाइलमध्ये उतरवून मोकळी होतात. पण तो आकडा आजच्या सेटिंगवर काढलेला असतो. सेटिंग बदललं की तोही बदलतो.

पेसमेकरमधली बॅटरी वेगळी काढता येत नाही. ती संपत आली की अख्खा जनरेटर (त्वचेखाली बसवलेली पेसमेकरची डबी) बदलायचा, म्हणजे पुन्हा छेद, पुन्हा खर्च आणि जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त. 1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवलेलं पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं होतं. लिथियम-आयोडीन बॅटरीमुळे आज वर्षानुवर्षं निभावतं, पण तीही जपूनच वापरावी लागते.

सगळ्यात जास्त बचत होते ती आउटपुटमध्ये, म्हणजे प्रत्येक ठोक्यासाठी दिलेल्या विजेच्या जोरात. लीड (जनरेटरपासून हृदयापर्यंत जाणारी तार) नवी असताना तिच्या टोकापाशी सूज असते, थ्रेशोल्ड (ठोका पाडायला लागणारं किमान व्होल्टेज) वर जाऊ शकतो, म्हणून सुरुवातीला साधारण 3.5 व्होल्ट ठेवतात. साधारण तीन महिन्यांनी थ्रेशोल्ड स्थिरावतो आणि आउटपुट कमी करता येतं. 500 ओहम इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) आणि 0.4 मिलिसेकंदांचा पल्स धरा: 3.5 व्होल्टला प्रत्येक ठोक्यामागे 9.8 मायक्रोज्यूल लागतात, 2.5 व्होल्टला फक्त 5. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, हे कायम डोक्यात ठेवा.

थ्रेशोल्ड टेस्ट करताना नजर ईसीजीवरून हलवू नका. व्होल्टेज पायरीपायरीने उतरतं. स्पाइक (पेसमेकरच्या पल्सची उभी रेघ) दिसते, पण तिच्यामागचा रुंद क्यूआरएस (व्हेंट्रिकलच्या ठोक्याची लाट) येत नाही, तिथे कॅप्चर सुटलं, म्हणजे पल्स दिला तरी ठोका पडला नाही. लगेच टेस्ट थांबवा. पेशंटला आधीच सांगा, "काका, क्षणभर गरगरल्यासारखं वाटेल, घाबरू नका." 0.75 व्होल्टला कॅप्चर सुटलं आणि 1 व्होल्टला टिकलं, तर थ्रेशोल्ड 1. त्याच्या किमान दुप्पट आउटपुट ठेवायचं. स्वतःचे ठोके अजिबात नसलेल्या पेशंटच्या बाबतीत मात्र कंजूषपणा नको. तिथे मार्जिन किती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

एव्ही डिले (वरच्या कप्प्याच्या ठोक्यानंतर खालच्या कप्प्याला पेस करण्याआधी पेसमेकर थांबतो तो वेळ) वाढवून हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याला वाव देता येतो. सायनस नोडचा (हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या जागेचा) आजार असून एव्ही कंडक्शन (वरून खालच्या कप्प्यांकडे संदेश जाणं) चांगलं असेल, तर हा उपाय उत्तम: बॅटरी वाचते आणि उजव्या व्हेंट्रिकलचं (खालच्या कप्प्याचं) नको असलेलं पेसिंगही टळतं. पूर्ण हार्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे वरचा संदेश खाली पोचतच नसेल तेव्हा, त्याचा उपयोग नाही.

केलेला प्रत्येक बदल जुन्या आणि नव्या आकड्यांसह पेशंटच्या फाइलमध्ये लिहा. पुढची तपासणी कदाचित दुसऱ्या गावी, दुसऱ्याच कुणाच्या हातून होईल.