आकाशातील अनोळखी वस्तूची नोंद कशी तपासावी

सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर सूर्यास्तानंतर आकाशात अनोळखी प्रकाश दिसल्यास, तर्क लढवण्याआधी वेळ, दिशा आणि कालावधी तिथल्या तिथे लिहून ठेवावा. हात ताठ धरला असता वळलेली मूठ सुमारे 10 अंश व्यापते, त्यामुळे क्षितिजापासूनची उंचीही मोजता येते.

मग सर्वांत साध्या कारणापासून तपास सुरू करावा. अशा नोंदी तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या प्रकल्पातील 1947 ते 1969 या काळातल्या 12,618 नोंदींपैकी 701 अनिर्णित राहिल्या. 1955 मध्ये यू-2 हे गुप्त टेहळणी विमान 60,000 फुटांवरून उडू लागले, तेव्हा खाली अंधारून आले तरी त्याच्या चंदेरी पंखांवर ऊन चमकत असे आणि प्रवासी विमानांचे वैमानिक ते पाहून चक्रावत. तपास अधिकाऱ्यांना खरे कारण कळले तरी गुप्ततेमुळे ते सांगता येत नसे. लपवाछपवीचा संशय त्यामुळेच बळावला, असे मला वाटते. परग्रहावरील तंत्रज्ञानाचा पुरावा आढळला नसल्याचे पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, तपास कार्यालयाने 2024 मध्ये जाहीर केले आहे.

आपल्याकडे हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रचंड फुगे 30 ते 42 किलोमीटर उंचीवर सोडले जातात आणि ते वाऱ्याबरोबर सोलापूरच्या दिशेने येऊ शकतात, म्हणून ही शक्यता आवर्जून पडताळावी. शेतात अशा फुग्याची पॅराशूटसह उपकरणांची पेटी उतरलेली आढळल्यास ती उघडू वा हलवू नये. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावे. सरळ रांगेत सरकणारे ठिपके बहुधा स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रह असतात. एवढ्यानेही उलगडा न झाल्यास नोंदीवर 'अनिर्णित' असेच लिहावे.