ईएमआर आल्यावर डॉक्टरांना क्वेरी कशी पाठवायची

कंबरदुखीने दाखल झालेल्या एक बाई होत्या. एमआरआयमध्ये मणक्यातली चकती सरकलेली, ऑर्थोच्या सरांचे उपचार व्यवस्थित चालू. हाउसमनने (वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरने) निदान भरताना सवयीने ‘पीआयडी’ टाइप केलं, खाली यादी उघडली आणि त्यातलं पहिलं नाव निवडलं गेलं: पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज. ऑर्थोत पीआयडी म्हणजे सरकलेली चकती, गायनॅकमध्ये पीआयडी म्हणजे ओटीपोटातला जंतुसंसर्ग. कागदी केस पेपरवर हे कधी अडलं नव्हतं, कारण वर वॉर्डचं नाव असायचं आणि अक्षर कुणाचं हेही आम्हाला कळायचं. संगणकाने मात्र ते निदान डिस्चार्ज समरीत, बिलावर, विम्याच्या कागदांत सगळीकडे नेलं. क्लेम अडला तो अडलाच, शिवाय त्या बाईंना सासरच्या माणसांसमोर नको ते प्रश्न ऐकावे लागले. त्यांच्या नवऱ्याचा फोन मीच घेतला होता.

सांगली-मिरज भागात मी बरीच वर्षं एमआरडीत, म्हणजे हॉस्पिटलच्या रुग्णनोंदी विभागात, काम करतेय आणि कागदावरून ईएमआरवर, म्हणजे संगणकातल्या रुग्णनोंदींवर, जाण्याचा काळ दोनदा पाहिला आहे. ज्यांच्याकडे आता हे सुरू होतंय त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी एक स्पष्ट करते. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) विचारते ती क्वेरी वेगळी. मी म्हणतेय ती आपण एमआरडीतून डॉक्टरांना विचारतो ती: नोंद अपुरी आहे, दोन नोंदी जुळत नाहीत, किंवा औषध चालू आहे पण ते कशासाठी हे कुठेच लिहिलेलं नाही. या दोन्ही क्वेरी एकाच यादीत टाकू नका. क्लेमच्या घाईत डॉक्टर ‘विम्याला काय हवंय ते सांगा, लिहून देतो’ म्हणायला लागतात, आणि मग त्या नोंदीला काही अर्थ राहत नाही.

सिस्टीम सुरू होण्याआधी गेल्या तीन महिन्यांच्या फाइल्स काढा आणि कोणत्या विभागाला काय विचारावं लागलं ते लिहून काढा. मग प्रत्येक विभागप्रमुखांकडे दहा मिनिटं मागा आणि त्यांच्या विभागातली संक्षिप्त रूपं त्यांच्याच तोंडून पूर्ण वदवून घ्या. एमएस म्हणजे कार्डिओलॉजीत मायट्रल स्टेनोसिस, न्यूरोलॉजीत मल्टिपल स्क्लेरोसिस. ही यादी सॉफ्टवेअरवाल्यांना द्या आणि दोन अर्थांची अक्षरं निदानाच्या रकान्यात स्वीकारायचीच नाहीत असं करून घ्या. पीआयडीसाठी आम्ही हे घटनेनंतर केलं. तुम्ही आधी करा.

आता क्वेरीची भाषा. ‘सर, एकेआय लिहायचं राहिलंय, तेवढं टाका’ असा मेसेज मी स्वतः पाठवलेला आहे, आणि तो चुकीचा होता. एकेआय म्हणजे मूत्रपिंडाचं काम अचानक बिघडणं, जे रक्तातल्या क्रिएटिनिनच्या आकड्यावरून कळतं. त्यात निदान मी केलं आणि सही सरांची झाली. आता आम्ही असं लिहितो:

‘वय ५८, पुरुष, तापासाठी दाखल. क्रिएटिनिन दाखल होताना १.१, तिसऱ्या दिवशी २.४, पाचव्या दिवशी १.३. तिसऱ्या दिवशी सलाईन वाढवलं, डायक्लोफेनॅक बंद केलं, नेफ्रॉलॉजीचं मत घेतलं. या बदलाचं निदान नोंदीत आढळलं नाही. आपल्या मते ते काय? अ‍ॅक्यूट किडनी इंज्युरी / क्रॉनिक किडनी डिसीज / इतर, कृपया लिहावे / वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचं नाही / सांगता येत नाही.’

आकडे, दिवस आणि केलेले उपचार आधी, प्रश्न नंतर. शेवटचे तीन पर्याय कधीही गाळू नका, डॉक्टरांना ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी राहिली पाहिजे. बिल, पॅकेज, क्लेम यांतला एकही शब्द क्वेरीत नको. अमेरिकेत वैद्यकीय नोंदींचं काम पाहणाऱ्या अहिमा आणि अ‍ॅक्डिस या संस्थांनी मिळून क्वेरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यांतही डॉक्टरांना ठरावीक उत्तराकडे ढकलायचं नाही आणि पैशांचा उल्लेख करायचा नाही असंच आहे.

पक्षाघाताच्या केसेसमध्ये ‘सीव्हीए’ एवढंच लिहून येतं. तेवढ्यावर आयसीडी-१० मध्ये (आजारांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी) आय ६४ मिळतो, म्हणजे रक्तस्राव की गुठळी हे माहीत नाही असा कोड. सीटीच्या रिपोर्टात इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला मेंदूचा भाग) दिसत असतो आणि त्याचा कोड आय ६३ टाकायला हात शिवशिवतो. टाकू नका. रिपोर्ट रेडिओलॉजिस्टचा, निदान उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं. त्यांना विचारा, बाजू डावी की उजवी तेही विचारा.

ईएमआरने आणलेला नवा त्रास म्हणजे कॉपी-पेस्ट. चौथ्या दिवशीच्या नोंदीत ‘कॅथेटर आहे’, आणि सिस्टरच्या चार्टवर ते दुसऱ्या दिवशीच काढलेलं. अशा वेळी दोन्ही नोंदी वेळेसकट शेजारी ठेवा आणि ‘सध्याची स्थिती कृपया स्पष्ट करावी’ एवढंच लिहा. चूक कुणाची हे क्वेरीत आणलं की पुढच्या क्वेरीला उत्तर येत नाही, हा माझा अनुभव आहे.

उत्तर सरांच्या लॉगिनमधूनच यायला हवं. सरांचा पासवर्ड हाउसमनकडे असतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि कोर्टात ती नोंद सरांचीच धरली जाते. पहिल्या आठवड्यातच ही सवय मोडा, नंतर मोडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं उत्तर आपण सिस्टीममध्ये चढवायचं नाही. दुरुस्ती अ‍ॅडेंडम म्हणून, म्हणजे मूळ नोंदीला जोडलेली नवी नोंद म्हणून, त्या दिवसाच्या तारखेने आणि वेळेने. जुनी नोंद तशीच राहते. कागदावर आपण एक रेघ मारून सही घ्यायचो, तेच हे. नातेवाइकांनी कागदपत्रं मागितली तर २००२ च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागतात, तेव्हा अ‍ॅडेंडमसकट सगळं द्या.

क्वेरी पेशंट वॉर्डमध्ये असतानाच पाठवा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची विनंती गेल्यावर विमा कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यायची असते. त्या तीन तासांत सर ऑपरेशन थिएटरमध्ये असतात. मी सकाळचा राउंड संपायच्या आत इन्चार्ज सिस्टरांकडे उघड्या क्वेरींची यादी देते. स्क्रीनवरचा लाल ठिपका जे करत नाही ते ‘सर, तीन नंबर बेडची एक क्वेरी आहे’ हे वाक्य करतं.

मृत्यूच्या केसमध्ये यादीची वाट न पाहता स्वतः उठून जा. फॉर्म ४ मध्ये मृत्यूचं कारण म्हणून ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ येतं आणि यादीतून निवडायची सोय झाल्यापासून जास्तच येतं. हृदय थांबणं हे कारण होत नाही, ते कशामुळे थांबलं हे हवं असतं. नातेवाईक बाहेर बसलेले असतात, म्हणून हे समोरासमोर विचारा, डॉक्टरांकडून त्याच वेळी भरून घ्या, आणि छापण्याआधी एकदा मोठ्याने वाचून दाखवा.