नैसर्गिक लाकडांचं पक्षीचित्र करताना या चुका टाळा

वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे कापायचे, घासून गोलाई द्यायची आणि शेजारी शेजारी बसवून चित्र उभं करायचं, या पद्धतीला इंटार्सिया म्हणतात. रंगाचा डबा उघडायचा नाही. जो रंग दिसेल तो लाकडाचाच. या अटीमुळेच मला हे काम जिवापाड आवडतं. बहुतेक चित्रंही याच ठिकाणी बिघडतात, करवत चालायच्या आधी, फळी निवडताना.

सुरुवात पक्ष्यापासूनच करू. खंड्या दिसतो सुंदर, पण त्याच्या निळ्यासाठी लाकूड कुठून आणणार? पोपटाचीही तीच गत. पंधराव्या-सोळाव्या शतकात इटलीतले कारागीर हिरव्या छटेसाठी एका बुरशीमुळे निळसर-हिरवं झालेलं लाकूड हुडकून वापरत, इतका तो रंग दुर्मीळ. पहिल्या कामाला हुदहुद घ्या. अंग दालचिनीच्या रंगाचं, तुऱ्याची टोकं काळी, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. केशरी-लाल पडौक, काळपट शिसवी आणि मेपल किंवा शिवणीसारखं एखादं फिकट लाकूड, एवढ्यात जवळजवळ सगळा पक्षी बसतो.

कोरड्या फळीवर रंगाचा अंदाज बांधू नका. फळीवर ओलं फडकं फिरवा. पॉलिशनंतरचा रंग साधारण तसाच दिसेल. मग सगळ्या फळ्या शेजारी ठेवून मोबाईलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन तुकडे त्यात सारखेच राखाडी दिसले, तर भिंतीवरही ते एकमेकांत मिसळणार. आणखी एक, लाकडाचा रंग कायम राहत नाही. नवा पडौक भडक केशरी-लाल असतो, पण उजेडात हळूहळू तपकिरी होतो. अक्रोड फिकट होत जातो. ताज्या कापलेल्या फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग सोनेरी-तपकिरीकडे झुकतो. म्हणून आजच्या रंगावर नको, दोन वर्षांनंतरच्या रंगावर निवड करा, आणि चित्र थेट उन्हात टांगू नका.

आता लाकडाच्या अंगच्या रेषा. तुकडा कुठूनही कापला तरी चालतो, हा समज पक्ष्याला मारून टाकतो. पंखाच्या प्रत्येक पिसात लाकडाच्या रेषा पिसाच्या लांबीनेच धावल्या पाहिजेत. छातीवर त्या किंचित वळल्या तर गोलाई आपोआप जाणवते. चित्राच्या कागदी नमुन्याच्या पाचसहा प्रती काढा, प्रत्येक तुकड्यावर बाणाने दिशा लिहा, आणि मगच कागद फळीवर चिकटवा. आडव्या रेषांचं पीस कितीही घासलं तरी पीस वाटत नाही, आणि अरुंद तुकडा रेषेवर सहज मोडतो तो वेगळाच.

तुकडे जुळत नाहीत, मध्ये फट राहते, ही तक्रार सर्वांत जास्त. दोष बहुधा हाताचा नसतो, पात्याचा असतो. स्क्रोल सॉचं, म्हणजे वळणदार कापायच्या बारीक पात्याच्या यांत्रिक करवतीचं, पातं टेबलाशी काटकोनात नसेल, तर वरून जुळलेला सांधा खाली उघडतो. साधी तपासणी अशी: जाड ठोकळ्यात थोडासा काप घ्या, मशीन बंद करून ठोकळा पात्याच्या मागच्या बाजूला न्या आणि पातं त्याच कापात सरकवून पाहा. अलगद सरकलं तर काटकोन बरोबर. अडकलं तर टेबल सैल करून पुन्हा लावा. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावूनही बघता येतं, पण बारीक पात्यावर तो नीट टेकत नाही. कठीण लाकूड कापताना जळकट डाग पडत असतील तर कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप लावा. पातं मोकळं चालतं. राहिलेली फट भुश्याच्या लुगदीने बुजवू नका. गोंद मिसळलेला भुसा पॉलिशनंतर गडद होतो आणि नेमका तिथेच डोळा जातो. तुकडा नवा कापा.

माझं सर्वांत वाईट नुकसान घासताना झालं. पंखाचे पांढरे पट्टे नितळ झाले होते. शेजारी पडौक घासला आणि त्याची लाल धूळ मेपलच्या छिद्रांत जाऊन बसली. ओल्या फडक्याने पुसली, तर गुलाबी डाग आणखी पसरला. तेव्हापासून पडौक वेगळा घासते, धूळ हवेच्या झोताने उडवते आणि प्रत्येक तुकड्याला सुटासुटा पॉलिशचा हात दिल्यावरच चिकटवते. पडौकचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. त्यामुळे जोडलेल्या चित्रावर लाखेचं पॉलिश फिरवलं तर लाल ओघळ पांढऱ्यात उतरतो. या धुळीचा काहींना त्रासही होतो, म्हणून मास्क हवाच.

घासण्याचा क्रम मागून पुढे. दूरचा पंख आधी घासून खाली घ्या, मग अंग, चोच आणि जवळचा पंख शेवटी. प्रत्येक तुकडा बसवून शेजारच्याच्या कडेवर पेन्सिलने उंचीची रेघ ओढा आणि त्या रेघेच्या खाली जाऊ नका. पिसांचे तुकडे एकेकटे घासले तर पायऱ्या पडतात. दुहेरी टेपने एका पट्टीवर चिकटवून एकत्र घासा.

डोळ्यासाठी डोकं कापण्याआधीच छिद्र पाडा, नंतर छोटा तुकडा ड्रिलखाली चिरतो. शिसवीच्या गोल काडीचं आडवं कापलेलं टोक बसवा. त्यातून पॉलिश खोल शिरतं आणि काळेपणा वाढतो. डोळ्याच्या वरच्या कडेला दीड-दोन मिलिमीटरचं छिद्र पाडून फिकट लाकडाची काडी ठोका. तेवढ्या ठिपक्याने पक्षी बघायला लागतो.

पाठीला पाच-सहा मिलिमीटरचं प्लायवूड लावा, बाह्यरेषेच्या तीनेक मिलिमीटर आत कापून. गोंद कडेपर्यंत भरला तर तो वर येतो आणि तिथे पॉलिश धरत नाही. शेवटी टांगायचा खिळा मधोमध ठोकू नका. लांब शेपटीने तोल जातो; चित्र दोन बोटांत धरून ते सरळ राहील ती जागा शोधा, खूण करा आणि हूक तिथेच बसवा.